डोकं आहे तर टोक नाही

बाबांवरचा आरोप तीन ओळींचा होता. मी तो वाचत होते तेव्हा काका माझ्यासाठी पेन शोधत होते.

"वाच आणि खाली सही कर," ते म्हणाले. "माझी झालीय. दादाचा वाटा आता तुझ्या नावावर आहे, म्हणून तुझीही लागते."

कागद आमचाच होता. वर बाबांनी तीस वर्षांपूर्वी निवडलेली ठसठशीत अक्षरं होती, 'लाकडी खुंट, घाऊक', आणि खाली टाइप केलेला मजकूर: नव्या रस्त्याच्या कडेची दोनशे बारा झाडं वाऱ्यात आडवी झाली, त्यास आम्ही पुरवलेले खुंट कारणीभूत आहेत. आमच्या दिवंगत मालकांच्या देखरेखीत राहिलेल्या त्रुटीमुळे माल सदोष निघाला. याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मी मुद्रितं तपासून पोट भरते. तीन ओळींत व्याकरणाची एकही चूक सापडली नाही.

"हे लिहिलं कुणी?"

"कंत्राटदाराने पाठवलंय. झाडं लावायचं काम त्याचं होतं ना. बाग खात्याने त्याला नोटीस दिलीय."

"मग उत्तर त्याने द्यावं."

"देतोय की. आपल्या सहीने." काकांना स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं आणि ते त्यांनी लगेच आवरलं. "हे बघ, कुणाला इजा झालेली नाही. गेलेल्या माणसावर खातं काही कारवाई करत नाही, तशी तजवीज झालीय. प्रकरण बंद. कंत्राटदार सुटला, खात्यातले साहेब सुटले, आपला पुरवठा चालू राहिला. सुंठीवाचून खोकला गेला म्हण."

बाबा जाऊन सात आठवडे झाले होते. सकाळी साडेदहाला वखारीत, आठ फुटी डांबांच्या चळतीजवळ ते खाली बसले ते उठलेच नाहीत. मी पोचले तेव्हा त्यांच्या चष्म्यावर लाकडाचा भुसा तसाच होता. तो मी अजून पुसलेला नाही, पण ते असो.

वखारीची कचेरी म्हणजे पत्र्याच्या छपराखाली भिंती घालून केलेली एक खोली. खिडकीतून माल दिसतो, मापाप्रमाणे लावलेला. बांधकामाच्या आखणीचे दोन फुटी, वाफ्यांचे तीन फुटी, रोपांना आणि वेलांना आधार द्यायचे सहा फुटी, कुंपणाचे आठ फुटी. पंचवीसची एक मोळी. लोकांना वाटतं, काठीला टोक केलं की झाला खुंट. बाबांसमोर कुणी असं म्हटलं तर ते त्याला चहा पाजायचे आणि तासभर सोडायचे नाहीत.

त्यांची पद्धत अशी. झाडाचा बुडखा जाड, शेंडा बारीक. टोक नेहमी शेंड्याकडे काढायचं आणि बुडखा वर ठेवायचा, म्हणजे लाकूड वाढलं त्याच्या उलटं जमिनीत जातं. "सरळ पुरलं तर त्याला वाटतं, अजून आपण झाडच आहोत," ते म्हणायचे. "खालून पाणी ओढत बसतं आणि कुजतं. उलटं पुरलं की त्याला कळतं, संपलं." यात तथ्य किती, मला माहीत नाही. मी शोधलं तेव्हा दोन्ही बाजूंची मतं सापडली. पण वरच्या जाड डोक्याची कड ते चारी बाजूंनी घासून घ्यायचे, घण बसला की डोकं फाटू नये म्हणून, आणि त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. टोकाला चार पैलू, डोक्याला मारलेली कड. दोन्ही असल्याशिवाय आमच्या फाटकातून खुंट बाहेर पडत नसे. शाळेच्या सुट्ट्यांत कड मारायचं काम माझ्याकडे असायचं.

"मी आधी झाडं बघून येते," मी म्हटलं.

"झाडं काय बघायचीत? पडली."

"पडलेली बघते."

"झालं. दादाचंच रक्त. हलवून खुंटा बळकट केल्याशिवाय चैन पडायचं नाही." काकांनी पेन माझ्यासमोर ठेवलं. "उद्या दुपारी कंत्राटदार कागद न्यायला येतोय. तोवर काय हलवायचं ते हलव."

दारात टोकवाली उभी होती. तिला सगळे तेच म्हणतात. वीस वर्षं आमच्याकडे टोकं काढते, करवतीवर, डाव्या हाताने. तिने सगळं ऐकलं होतं आणि ते लपवायचा तिने मुळीच प्रयत्न केला नाही.

"चल पोरी, मी येते," ती म्हणाली. "माझ्या टोकांना नावं ठेवलीत, मलाही बघू दे."

"तुला कुणी काय म्हटलंय?" काका म्हणाले.

"कागदात मालकांचं नाव आहे, पण टोकं काय मालक काढायचे? मालकांच्या आडून मलाच बोलताय की."

रस्ता नवा, रुंद, मधल्या पट्ट्यांवरचा रंगही ताजा. दोन्ही कडांना माणसाच्या उंचीची झाडं एकाच दिशेला निजलेली, काहींची मुळं वर आलेली, पानं करपलेली. प्रत्येक खड्ड्याशी दोन खुंट ठोकले होते. काही उभे, काही कलंडलेले, काथ्याच्या गाठी अजून त्यांच्यावरच. बरेचसे कुणीतरी उपटून पदपथाच्या कडेला ढीग घातला होता.

मला प्रथम वाटलं, हे आमचे नव्हेत. आखूड होते. मग मी एक उचलला आणि त्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं. कड मारलेली होती. चारी बाजूंनी, कोपऱ्यावर किंचित जास्त. आमचाच होता. वाटलं, काकांचं खरं असेल, शेवटच्या महिन्यांत बाबांचा हात, त्यांची नजर...

"याचं टोक बघ," टोकवाली म्हणाली.

टोक कसलं, कुऱ्हाडीने दोन-तीन घाव घालून केलेलं काहीतरी. एक बाजू सपाट, दुसरीच्या ढलप्या निघालेल्या.

"हे कुणी दातांनी केलंय का?" तिने तो टाकला आणि दुसरा उचलला. याला चार पैलू होते. तिने अंगठ्याने ते चाचपले. "हे माझं. शेवटचा काप डावीकडून येतो बघ. सगळे उजवीकडून काढतात."

मी त्याचं डोकं पाहिलं. डोकं नव्हतंच. सपाट करवतलेलं लाकूड, कड नाही, आणि घण बसून ते चिरलेलं.

आम्ही ढीग निवडायला लागलो. एका बाजूला तिची टोकं, दुसऱ्या बाजूला माझी डोकी. अर्ध्या तासात दोन ढीग झाले आणि उंचीला जवळजवळ सारखे झाले. एकही खुंट असा निघाला नाही की ज्याला दोन्ही आहे. डोकं आहे तर टोक नाही, टोक आहे तर डोकं नाही.

"अगं बाई," टोकवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मधून कापलेत."

मी पदपथावर बसले आणि दोन्ही ढिगांतले खुंट एकमेकांना लावून बघू लागले. डोकंवाल्याचं खालचं टोक कुऱ्हाडीने छिलल्यामुळे नीट जुळणं कठीण होतं, पण काहींची एक बाजू शाबूत होती. जाडी जुळली तर रेषा जुळत नव्हत्या. बऱ्याच वेळाने एक जोडी सापडली. लाकडातली गाठ करवतीने बरोबर मधोमध चिरली होती, अर्धी या तुकड्यात, अर्धी त्या. दोन्ही तुकडे रस्त्यावर एकापुढे एक ठेवले आणि गाठ पूर्ण झाली. टोकवालीने पावलांनी मोजलं. सहा फूट, करवतीने खाल्लं तेवढं सोडून.

बाबांनी सहा फुटी खुंट दिले होते. अर्धा भाग जमिनीत जाईल आणि अर्धा झाडाला धरेल असे. कंत्राटदाराने एकाचे दोन केले. मग जमिनीत जेमतेम फूटभर गेला आणि वर उरला तो झाडाच्या गुडघ्याला लागला. आणि वारा आला तेव्हा चूक कुणाची, तर जो माणूस आता उठून 'माप काढा' म्हणू शकत नाही, त्याची.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं हा वाक्प्रचार मी मुद्रितांत शेकडो वेळा वाचला असेल. त्या पदपथावर बसून मला पहिल्यांदा वाटलं की ज्याने तो पहिल्यांदा उच्चारला, त्याला शब्द शोधावे लागले नसणार. त्याने फक्त समोर पाहिलं असणार.

संध्याकाळी घरी मी दोन्ही तुकडे जमिनीवर ठेवले. काका बराच वेळ बघत राहिले. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"कापले हे नव्हतं माहीत."

"मग काय माहीत होतं?"

काकांनी आईकडे पाहिलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती थांबली नाही.

"झाडाला दोन खुंट द्यायचे असं खात्याचं म्हणणं होतं," काका म्हणाले. "याने नऊच मोळ्या नेल्या. म्हणजे झाडामागे एक. आधी तो तीन फुटी मागायला आला होता. दादा म्हणाला, तीन फुटी वाफ्याला देतो, झाडाला देत नाही, झाड म्हणजे काय कोथिंबीर आहे? तर तो म्हणाला, बरं, सहा फुटी द्या. दादाने दिले. मला तेव्हाच वाटलं होतं, यात काहीतरी मेख आहे."

"आणि तरी तुम्ही सही केलीत."

"केली." त्यांचा आवाज चढला. "तुला परवा तुझ्या गावाला जायचंय. मला इथेच राहायचंय. वर्षाला त्याच्या किती गाड्या भरतात माहितीये? वखारीत सात माणसं आहेत. तुझी ती टोकवाली आहे. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं? दादा असता तर भांडला असता, कबूल. पण तो नाहीये ना! त्याला आता काय फरक पडतो?"

आईने घडी घातलेला टॉवेल मांडीवर ठेवला.

"भाऊजी," ती म्हणाली, "फरक पडत नाही तर तुम्ही कचेरीत अजून स्टुलावर का बसता? त्यांची खुर्ची रिकामीच आहे."

काका उठले. चप्पल घालून निघून गेले. आईने पुढचा टॉवेल उचलला. त्यानंतर ती त्या विषयावर माझ्याशीही बोलली नाही, पण झोपताना तिने ते तुकडे उचलून माझ्या बॅगेशेजारी ठेवलेले मला दिसले.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार वेळेवर आला. मध्यम वयाचा, इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. बाबांच्या खुर्चीपुढे क्षणभर हात जोडून उभा राहिला. हे त्याने मनापासून केलं असेल, असं मला आजही वाटतं, आणि त्यामुळेच जास्त राग येतो.

"देवमाणूस होता," तो म्हणाला. "आता असा व्यापार करणारे राहिले नाहीत, ताई."

"त्यांच्या मालात त्रुटी होती असं तुम्हीच लिहिलंयत."

"ते कागदावर हो. कागदाचं काय मनावर घ्यायचं? कागदाला कागद लागतो म्हणून." त्याने हात पुढे केला. "झाली ना सही?"

मी टेबलावर दोन तुकडे ठेवले. कापलेली बाजू कापलेल्या बाजूला लावली.

त्याने पाहिलं. मला वाटतं त्याला लगेच कळलं, कारण त्याने विचारलं नाही की हे काय आहे.

"कामावर माणसं काय कापतात, काय जोडतात, मी काय प्रत्येकाच्या मागे उभा असतो?"

"मग तसं लिहा. 'माझ्या माणसांनी कापले.' एका ओळीत होईल."

"आणि मी ठेका घालवू?" तो अजूनही मऊच बोलत होता. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या. मी जिवंत आहे, मला घरदार आहे, खात्यातल्या साहेबांना घरदार आहे. तुमच्या काकांना आहे. ज्याला यातलं आता काहीच लागत नाही, त्याच्या नावावर टाकलं तर कुणाचं काय जातं? ते असते तर त्यांनीच म्हटलं असतं, घे बाबा, माझ्यावर घे."

इतका वेळ मी शांत होते. बाबांना मी चाळीस वर्षं ओळखत होते. खुंटाच्या डोक्याची एक कड राहिली तर अख्खी मोळी सोडायला लावणारा माणूस. आणि हा मला सांगत होता, ते काय म्हणाले असते.

"त्यांच्या तोंडात शब्द घालू नका," मी म्हटलं. "तुम्ही त्यांच्याकडे तीन फुटी मागायला आलात तेव्हा ते काय म्हणाले, ते तुम्हाला माहीत आहे. ते या खोलीत म्हणाले. काका इथेच होते."

कंत्राटदाराने काकांकडे पाहिलं. काका स्टुलावर बसून खिडकीतून मालाकडे बघत होते. कागद त्यांच्या हाताशी होता, त्यांची सही असलेला. त्यांनी तो पुढे केला नाही. फाडलाही नाही. त्यावर तळहात ठेवून बसले.

"सही नको तर नको," कंत्राटदार उठला. "माल काय, कुठेही मिळतो. काठीला टोक केलं की झाला खुंट."

"मग तुम्हीच करा की," दारातून टोकवाली म्हणाली. "कसं करता ते रस्त्यावर बघून आलोय आम्ही."

तो तिच्याकडे न बघता गेला. फाटकाबाहेर त्याची रिकामी गाडी उभी होती, त्या दिवशीचा माल न्यायला आलेली. ती रिकामीच परत गेली. आवारात मोळ्या बांधणारे दोघे हात थांबवून गाडीकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे.

मी पत्र लिहिलं. सात ओळींचं. काय पुरवलं, किती लांबीचं, रस्त्यावर काय सापडलं. एकही विशेषण वापरलं नाही. काकांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "'पुरवले'मधला 'पु' ऱ्हस्व ना?" मी म्हटलं, ऱ्हस्व. "बरोबर आहे मग," ते म्हणाले आणि पत्र मला परत दिलं. सही केली नाही. त्यावर माझी एकटीचीच आहे.

बाग खात्याच्या कचेरीत आवक-जावकची खिडकी तळमजल्यावर आहे. रांगेत माझ्यापुढे चार जण होते. खिडकीतल्या बाईंनी पत्र घेतलं, तारखेचा शिक्का उचलला, आणि मग माझ्या हातातली लाकडं पाहिली.

"ते बाहेर ठेवा."

"ते पत्रासोबत आहे. पुरावा म्हणून."

"पुरावा म्हणजे कागद. फोटो काढा, प्रिंट जोडा. लाकूड घ्यायची सोय नाही आमच्याकडे."

"फोटो कुणीही कुठलाही काढेल. पत्रात लिहिलंय, सोबत वस्तू जोडली आहे. वस्तू घेतल्याशिवाय पत्र पूर्ण नाही."

"अहो बाई, ठेवू कुठे मी ते? फायलीत?"

"फायलीमागे."

मागून कुणीतरी हसलं. बाईंनी कपाळाला हात लावला, पण शिक्का मारला. वस्तू घेतल्याशिवाय मी हलणार नाही, हे त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी पोच लिहायला घेतली, तोंडाने म्हणत म्हणत. "पत्र, एक. सोबत लाकडी खुंट, दोन."

"दोन नाही," मी म्हटलं. "एक."

"मला दोन दिसतायत."

मी ते खिडकीच्या फळीवर एकापुढे एक ठेवले. गाठीला गाठ लावली. फळी पुरली नाही. डोकं त्यांच्या रजिस्टरवर गेलं आणि टोक रांगेत घुसलं.

"ओ ताई, जरा बघून," मागचा माणूस बाजूला होत म्हणाला. "डोळा जाईल कुणाचा."

बाईंनी चष्मा वर केला आणि वाकून गाठ पाहिली. मग बोटाने चाचपली. करवतीची रेषा त्यांच्या नखाखालून गेली.

"कापलाय हा," त्या म्हणाल्या.

"हो."

"कुणी?"

"पत्रात आहे."

त्यांनी 'दोन' खोडलं. खोडल्याजागी बाजूला सही केली, तशी करावी लागते. "किती फुटी म्हणायचा?"

"सहा."

त्यांनी लिहिलं आणि पोच माझ्याकडे सरकवली. मी सवयीने तपासली. 'पत्र एक. सोबत लाकडी खुंट, सहा फुटी, एक, दोन तुकड्यांत.' शब्द सगळे बरोबर होते.